आधी भूमिका, मग बाप्तिस्मा

जुलै 2024च्या पहिल्या आठवड्यात ओहायोचे सिनेटर जे. डी. व्हान्स एनबीसी वाहिनीच्या ‘मीट द प्रेस’ कार्यक्रमात आले होते. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, घोषणा जेमतेम आठवड्यावर आली होती. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीबद्दल त्यांना विचारलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं ही गोळी लोकांना मिळायला हवी असं सांगितलंय, ट्रम्प यांना ते मान्य आहे आणि मलाही मान्य आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. न्यायालयानं खरं तर तसं काही म्हटलंच नव्हतं. जूनमधल्या निकालात एवढंच होतं की, दावा घेऊन आलेल्या डॉक्टरांना तो लावण्याचा अधिकार पोहोचत नाही. पण निवडणुकीच्या धामधुमीत हा फरक कोण बघतो!

याच व्हान्स यांनी ऑगस्ट 2019मध्ये सिनसिनाटीत डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता. पाठीराखा संत म्हणून त्यांनी निवडले संत ऑगस्टीन, म्हणजे धर्मांतरितांचे मुकुटमणीच. गर्भधारणेच्या क्षणापासून माणसाचा जीव अभंग मानणाऱ्या कॅथलिक ख्रिस्तसभेत पस्तिशीत, पूर्ण विचारानं दाखल झालेला हा गृहस्थ पाच वर्षांत गर्भपाताच्या गोळीला मान्यता देतो, हे कसं? अमेरिकेतल्या कॅथलिक वर्तुळात या प्रश्नावर बरीच आगपाखड झाली. ढोंगी म्हणून शिक्का मारणं सोपं होतं, तो मारलाही गेला. पण गेल्या शंभर वर्षांतल्या सार्वजनिक जीवनातल्या कॅथलिक धर्मांतरितांची रांग नजरेखालून घातली, तर व्हान्स अपवाद वाटत नाहीत. आपण गृहीत धरतो की माणूस आधी कॅथलिक होतो आणि मग गर्भपाताविरुद्ध उभा राहतो. प्रत्यक्षात बहुतेकदा क्रम उलटा दिसतो. भूमिका आधी ठरते, बाप्तिस्मा मागून येतो. आणि जिथे खरोखरच बाप्तिस्मा आधी येतो, तिथे भूमिका फारशी हलतच नाही.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर धर्मांतरित म्हटलं की बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक येतात. ती मंडळी प्रॉटेस्टंट. आणि त्यांच्या धर्मांतरात जात सुटली का, घर सुटलं का, देश सुटला का, हे प्रश्न टोकदार होते. अमेरिका-ब्रिटनमधला कॅथलिक धर्मांतरित निराळा. तो बहुधा ख्रिस्ती घरातूनच येतो, किंवा कोणताच धर्म न पाळणाऱ्या घरातून. दुसऱ्या पंथात बाप्तिस्मा झालेल्या प्रौढाला आत घेताना त्याला सर्वांसमक्ष सांगावं लागतं की, देवानं प्रकट केलेलं म्हणून ख्रिस्तसभा जे मानते आणि शिकवते ते सगळं मला मान्य आहे. जन्मानं कॅथलिक असलेल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी कडेवर घेतलेलं असतं. त्याच्या वतीनं आईबाप आणि धर्ममातापिता बोलतात. म्हणून मोठेपणी त्यानं काही वगळलं तर समाज कानाडोळा करतो. धर्मांतरितानं स्वतःच्या तोंडानं ‘सगळं’ म्हटलेलं असतं.

या ‘सगळं’मध्ये गर्भपाताचा निषेध फार जुना. ‘डिडाखे’ या आरंभकाळातल्या ख्रिस्ती शिकवणुकीच्या पोथीत तो आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965मध्ये गर्भपाताला अर्भकहत्येइतकाच घोर अपराध म्हटलं. 1968चं ‘ह्युमाने व्हिते’ कृत्रिम संततिनियमनाला नकार देतं, 1987चं ‘दोनुम व्हिते’ टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्राला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995च्या ‘इव्हान्जेलियुम व्हिते’ या परिपत्रकात ही सारी वीण एकत्र बांधली. त्यातला 73वा परिच्छेद राजकारण्यांसाठी मोलाचा आहे: गर्भपाताचा कायदा पुरता रद्द करणं शक्य नसेल, तर त्याची हानी कमी करणाऱ्या विधेयकाला मत द्यायला लोकप्रतिनिधीला मोकळीक आहे, मात्र त्याचा स्वतःचा विरोध सर्वांना ठाऊक असला पाहिजे. पुढे 2018मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकार्य ठरवला. म्हणजे प्रो-लाइफ शिकवण हा एक कलमी कार्यक्रम नाही. गर्भपात, संततिनियमन, प्रयोगशाळेतला भ्रूण, दयामरण, फाशी, युद्ध असा तिचा पसारा आहे, आणि त्यातलं सगळंच्या सगळं पेलणारा राजकारणी औषधालाही सापडत नाही.

क्रम उलटा असल्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे डॉ. बर्नार्ड नेथनसन. न्यूयॉर्कच्या ज्यू घरातला, 1926चा जन्म, बापासारखाच स्त्रीरोगतज्ज्ञ. गर्भपातबंदी उठावी म्हणून 1969मध्ये जी राष्ट्रीय संघटना निघाली, तिच्या संस्थापकांत हा एक. न्यूयॉर्क राज्यानं 1970मध्ये बंदी उठवल्यावर शहरात जे मोठं गर्भपात केंद्र चाललं, त्याचा तो संचालक होता. आपल्या देखरेखीखाली साठ हजारांवर आणि स्वतःच्या हातून पाच हजार गर्भपात झाले, असा हिशेब त्यानंच पुढे मांडला. बेकायदा गर्भपातात दरसाल मरणाऱ्या बायकांचे आकडे चळवळीनं फुगवून सांगितले, हीही कबुली त्याचीच.

मग सोनोग्राफी आली. पोटातला गर्भ पडद्यावर हलताना दिसू लागला आणि नेथनसनचा आत्मविश्वास डळमळला. नोव्हेंबर 1974मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यानं लेख लिहून आपल्या हातून होतंय ते जीव घेणं आहे, ही अस्वस्थता जाहीर केली. 1979मध्ये पुस्तक आलं, 1984मध्ये ‘द सायलेंट स्क्रीम’ हा माहितीपट. बारा आठवड्यांच्या गर्भाचा गर्भपात सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवणारी ही अर्ध्या तासाची फिल्म रेगन यांनी उचलून धरली, काँग्रेसच्या प्रत्येक सदस्यानं ती पाहावी असं ते म्हणाले. इतक्या लहान गर्भाला वेदना होतात हा फिल्मचा दावा वैद्यकीय संघटनांनी खोडून काढला. तो वाद आजही शमलेला नाही. (याच काळात आपल्याकडे गर्भजलपरीक्षेनं आणि मागाहून त्याच सोनोग्राफीनं काय केलं, ते सांगायला नको. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988मध्ये केला. एकाच यंत्रात न्यूयॉर्कच्या डॉक्टरला गर्भात रुग्ण दिसला, आणि आपल्या डॉक्टरांच्या गिऱ्हाइकांना नको असलेली मुलगी.)

या सगळ्या वर्षांत नेथनसन नास्तिक होता. ‘सायलेंट स्क्रीम’ बनवणारा माणूस कोणत्याही देवाला मानत नव्हता, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक सोयीनं विसरतात. बाप्तिस्मा झाला 8 डिसेंबर 1996 रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये, कार्डिनल जॉन ओकॉनर यांच्या हस्ते. वय सत्तर. म्हणजे मत बदलल्यापासून वीसहून अधिक वर्षं गेली होती. चर्चनं त्याला गर्भपातविरोधी केलं नव्हतं. इतक्या गर्भपातांचं ओझं उतरवायला दुसरी जागा त्याला सापडली नाही, म्हणून तो तिथे गेला. क्षमा मिळण्याची सोय हवी होती, आणि ती वैद्यकशास्त्राजवळ नव्हती.

नॉर्मा मॅकॉर्व्हीची कहाणी याच रस्त्यानं जाते, पण अधिक केविलवाणी आहे. 1973च्या ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यातली ‘जेन रो’ ती हीच. जिच्या नावानं देशभर गर्भपाताचा हक्क मिळाला, तिचा स्वतःचा गर्भपात कधी झालाच नाही. निकाल लागेपर्यंत मूल जन्मून दत्तकही गेलं होतं. 1995मध्ये एका इव्हँजेलिकल पाळकानं तिला बाप्तिस्मा दिला, 1998मध्ये ती कॅथलिक झाली, गर्भपातविरोधी मंचांवर मिरवली गेली. 2017मध्ये ती वारली, आणि 2020च्या माहितीपटात तीच कॅमेऱ्यासमोर सांगताना दिसली की हे आपण पैशासाठी केलं. तिला जवळून ओळखणाऱ्या चळवळीतल्या लोकांनी ते नाकारलं. खरं काय ते तिच्याबरोबर गेलं. मला एवढंच दिसतं की, दोन्ही छावण्यांना तिच्यात बाईपेक्षा खटल्याचं नावच अधिक दिसलं.

विचारवंतांमध्ये हाच उलटा क्रम जास्त सभ्य रूपात भेटतो. रिचर्ड जॉन न्यूहाउस हे ब्रुकलिनच्या गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीतले ल्युथरन पाळक. मार्टिन ल्युथर किंग यांच्यासोबत चाललेले, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात संघटना उभारणारे, पक्के डावे. जगण्याजोगं आयुष्य कोणतं याचे निकष सांगणारा मानववंशशास्त्रज्ञ अॅशली मॉन्टेग्यू यांचा मजकूर त्यांच्या वाचनात आला. रविवारी उपासनेला जमलेल्या आपल्या मंडळीकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं की, त्या यादीप्रमाणे यांच्यातल्या एकाचंही आयुष्य जगण्याजोगं ठरत नाही. हा प्रसंग ते पुढे अनेकदा सांगत. गर्भपाताला त्यांचा विरोध साठच्या दशकातला, गरिबांच्या बाजूनं केलेला. डावे मित्र त्या प्रश्नावर दुसरीकडे गेले आणि न्यूहाउस हळूहळू उजवीकडे सरकले. 8 सप्टेंबर 1990ला ते कॅथलिक झाले, बरोबर वर्षानं धर्मगुरू. ‘फर्स्ट थिंग्ज’ हे त्यांचं नियतकालिक कॅथलिक आणि इव्हँजेलिकल यांना गर्भपाताच्या मुद्द्यावर एका मांडवात आणणारं ठरलं. पण 2003मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इराक युद्ध टाळा म्हणून विनवत होते, तेव्हा व्हिएतनामविरोधी न्यूहाउस युद्धाच्या बाजूनं युक्तिवाद करत होते.

ॲमहर्स्टचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक हॅडली आर्क्स यांनी गर्भपातातून जिवंत राहिलेल्या बाळाला कायद्याचं संरक्षण देणाऱ्या 2002च्या कायद्यामागचा विचार घडवला, आणि ज्यू घरातले हे गृहस्थ कॅथलिक झाले 2010मध्ये. गर्भपाताची सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहुड संस्थेच्या टेक्सासमधल्या केंद्राची संचालक ॲबी जॉन्सन हिनं 2009मध्ये नोकरी सोडली. कॅथलिक झाली ती नंतर. मॅल्कम मगरिज यांचं तर ब्रिटनभर गाजलं. तरुणपणी केरळात आलुवाच्या युनियन ख्रिश्चन कॉलेजात शिकवलेला, पुढे कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये काम केलेला हा पत्रकार. एडिंबरो विद्यापीठाचा रेक्टर असताना विद्यार्थ्यांना गर्भनिरोधक गोळ्या मिळाव्यात या मागणीवरून त्यानं 1968च्या जानेवारीत राजीनामा दिला, म्हणजे ‘ह्युमाने व्हिते’ निघण्याच्याही काही महिने आधी. मदर तेरेसांवर बीबीसीसाठी फिल्म केली, त्यांना जगापुढे आणलं, आणि कॅथलिक व्हायला 1982 उजाडलं. तेव्हा तो ऐंशीला टेकला होता.

आता दुसरी रांग. ही मंडळी गर्भपाताच्या प्रश्नावरून आली नाहीत. कोणी बायकोमुळे आलं, कोणाला परंपरेची ओढ होती, कोणाला प्रार्थनेत काही गवसलं. मार्ग सगळे प्रामाणिक असू शकतात. प्रश्न राजकारणाचा आहे.

जेब बुश यांची पत्नी मेक्सिकोची, कॅथलिक. ते 1995मध्ये तिच्या धर्मात आले आणि 1999पासून आठ वर्षं फ्लोरिडाचे गव्हर्नर होते. फ्लोरिडात भान हरपून वर्षानुवर्षं नळीवर जगणाऱ्या एका स्त्रीची नळी काढण्याचा आदेश न्यायालयानं दिला, तेव्हा 2003मध्ये बुश यांनी खास कायदा करून घेतला आणि नळी परत बसवली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा रद्द केला, 2005मध्ये ती वारली. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीसाठी एखाद्या गव्हर्नरनं इतकं ताणून धरल्याचं दुसरं उदाहरण सापडणार नाही. आणि याच बुश यांच्या कारकिर्दीत फ्लोरिडानं 21 जणांना देहदंड दिला. एका कैद्याचा जीव जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, तेव्हा, कारकीर्द संपतासंपता, डिसेंबर 2006मध्ये त्यांनी अंमलबजावणी थांबवली.

प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच तिसऱ्या पत्नीसोबत मिस्सेला जात; ती वॉशिंग्टनच्या बॅसिलिकेतल्या गायनवृंदात गात असे. ते 2009मध्ये कॅथलिक झाले. डिसेंबर 2011मध्ये अध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना त्यांनी मुलाखतीत सांगून टाकलं की, जीव सुरू होतो तो गर्भ गर्भाशयात रुजल्यावर. चर्च म्हणतं गर्भधारणेपासून. दोन दिवसांत खुलासा आला, शब्द बदलले. दोन वर्षांपूर्वी ‘सगळं मान्य’ म्हटलेल्या इतिहासाच्या माजी प्राध्यापकाला प्रो-लाइफ शिकवणुकीचं पहिलं वाक्यच नेमकं आठवू नये, याचं मला नवल वाटतं.

बॉबी जिंदल आपल्या ओळखीचे. पंजाबी हिंदू आईबापांच्या पोटी 1971मध्ये लुइझियानात जन्म, नाव पीयूष, शाळेच्या वयात ख्रिस्ती मताकडे ओढा आणि ब्राऊन विद्यापीठात शिकताना कॅथलिक बाप्तिस्मा. भारतीय वृत्तपत्रांनी त्यांच्या धर्मांतराला व्यवहारचातुर्य म्हणून मोडीत काढलं. मला ते घाईचं वाटतं. इव्हँजेलिकलांचा भरणा असलेल्या रिपब्लिकन पक्षात चाल खेळायची असती, तर कॅथलिकपंथ ही सर्वांत सोयीची निवड नव्हती. गव्हर्नर म्हणून त्यांनी 2014मध्ये जो कायदा केला, त्यानं राज्यातली बहुतेक गर्भपात केंद्रं बंद पडण्याची वेळ आली. सर्वोच्च न्यायालयानं तो 2020मध्ये रद्द केला. आणि तरी 2012मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख लिहून याच जिंदलांनी सुचवलं होतं की, गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीविना दुकानात विकाव्यात. ओबामांच्या हातातला मुद्दा काढून घेण्याचा डाव म्हणून तो हुशारीचा होता. ‘ह्युमाने व्हिते’शी त्याचं काय नातं, ते वाचकानं ठरवावं.

कॅन्ससचे सॅम ब्राउनबॅक 2002मध्ये आले. या रांगेत मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर आहे. माणसांच्या तस्करीविरुद्धचा कायदा, दारफुरचा नरसंहार, उत्तर कोरियाचे निर्वासित अशा, मतं न मिळवून देणाऱ्या विषयांवर ते सिनेटमध्ये झटले. फाशीबद्दलची शंका त्यांनी उघड बोलून दाखवली. गव्हर्नर झाल्यावर गर्भपातावर एकामागून एक निर्बंध आणले. पण ऑगस्ट 2022मध्ये, ‘रो’ निकाल मोडीत निघाल्यावर सहाच आठवड्यांनी, कॅन्ससमध्ये सार्वमत झालं आणि 59 टक्के लोकांनी राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढायला नकार दिला.

ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर. बायको कॅथलिक, मुलं कॅथलिक, रविवारी मिस्सा ठरलेली. ते अँग्लिकन असून कम्युनियन घेतात म्हणून 1996मध्ये कार्डिनल ह्यूम यांनी त्यांना थांबायला सांगितलं. पंतप्रधानपद जून 2007मध्ये सुटलं, डिसेंबरात ते कॅथलिक झाले. ते आधी का नाही, हे ज्याचं त्यानं ओळखावं. त्यांच्या खासदारकीतल्या मतांची यादी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची, त्यांच्या सरकारनं भ्रूणांवरच्या संशोधनाची मुभा वाढवली. त्यांनी यातलं काही मागे घेतलं का, असा जाहीर सवाल ॲन विडकोम्ब यांनी केला. त्याही धर्मांतरितच, हुजूर पक्षाच्या, अँग्लिकन चर्चनं स्त्रियांना दीक्षा देण्याचं ठरवल्यावर बाहेर पडून 1993मध्ये कॅथलिक झालेल्या. सवाल रास्त होता. पण सवाल करणाऱ्या बाई फाशी परत आणावी या मताच्या, आणि तुरुंगमंत्री असताना, 1996मध्ये, रुग्णालयात नेलेल्या गर्भवती कैद्यांना बेड्या घालण्याच्या धोरणाची पाठराखण केलेल्या.

इथे ख्रिस्तसभेची बाजू नीट मांडायला हवी. युद्ध आणि फाशी यांबाबत कॅथलिकांमध्ये मतभेद असू शकतात, गर्भपात आणि दयामरण यांबाबत नाही, असं कार्डिनल रात्झिंगर यांनी 2004मध्ये अमेरिकी बिशपांना कळवलं होतं. हे रात्झिंगर पुढे पोप बेनेडिक्ट झाले. म्हणजे पायऱ्या खुद्द चर्चनंच घातल्या होत्या. त्याआधी 1983मध्ये शिकागोचे कार्डिनल बर्नार्डिन यांनी फोर्डम विद्यापीठात बोलताना गर्भापासून मरणापर्यंत, अण्वस्त्रांपासून दारिद्र्यापर्यंत सगळ्याला एकच नीतिसूत्र लावायचा आग्रह धरला होता. त्याचा फायदा गर्भपाताचा मुद्दा सौम्य करू पाहणाऱ्यांनी घेतला, अशी तक्रार तेव्हापासून आहे, आणि ती निराधार नाही. डेमोक्रॅट मंडळी बर्नार्डिन सांगतात, रिपब्लिकन मंडळी रात्झिंगर.

ही दोन टोकं एकाच व्यक्तीत, कोणत्याही पक्षाची मदत न घेता, नांदलेली पाहायची तर डोरोथी डेकडे जावं लागतं. 1897मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मलेली ही पत्रकार विशीत न्यूयॉर्कच्या समाजवादी, अराज्यवादी मंडळींत वावरत होती. एका प्रियकरापासून दिवस गेले, तो सोडून जाईल या भीतीनं गर्भपात केला, तो तरीही सोडून गेला. 1924च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत तिनं हे लिहिलं, आणि त्या कादंबरीच्या चित्रपटहक्कांच्या पैशातून स्टेटन बेटावर समुद्राकाठी झोपडीवजा घर घेतलं. तिथे फॉर्स्टर बॅटरहॅम नावाच्या, लग्न आणि धर्म दोन्ही न मानणाऱ्या माणसासोबत ती राहू लागली. आपल्याला आता मूल होणार नाही, अशी तिची समजूत झाली होती. पण पुन्हा दिवस गेले, आणि मार्च 1926मध्ये मुलगी झाली. हा आनंद एकटीनं पेलवेना. कुणाचे तरी आभार मानायला हवेत, असं तिला वाटू लागलं. मुलीचा बाप्तिस्मा तिनं करवला. डिसेंबर 1927मध्ये स्वतः घेतला, तेव्हा बॅटरहॅम सुटला. त्याच्यावर तिचं प्रेम होतं. दुसऱ्या रांगेतल्या कोणाही गव्हर्नरला धर्मांतरासाठी एवढी किंमत पडलेली नाही.

पुढची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. 1 मे 1933ला, कामगारदिनी, पीटर मॉरिन यांच्यासोबत तिनं ‘कॅथलिक वर्कर’ हे एका सेंटचं पत्र काढलं. बेघरांसाठी घरं उघडली. दुसऱ्या महायुद्धातही युद्धविरोध सोडला नाही, तेव्हा पत्राचा खप कोसळला. 1949मध्ये चर्चच्याच दफनभूमीतल्या कामगारांनी संप केला, तेव्हा ती कार्डिनल स्पेलमन यांच्या विरोधात संपकऱ्यांच्या बाजूला होती. 1970मध्ये कोलकात्यात येऊन मदर तेरेसांना भेटून गेली. 1973मध्ये, पंचाहत्तरीत, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांसोबत तुरुंगात गेली. गर्भपाताबद्दल ती जाहीरपणे फार बोलली नाही; ते दुःख तिनं व्यासपीठावर नेलं नाही. ‘रो’ निकालानंतर, 1974मध्ये, कॅथलिक शांततावाद्यांच्या गर्भपातविरोधी निवेदनावर मात्र तिची सही आहे. युद्धाविरुद्ध आणि गर्भपाताविरुद्ध एकाच कारणासाठी उभं राहणारं ते निवेदन होतं.

तिला संतपद मिळावं म्हणून प्रक्रिया सुरू केली ती कार्डिनल ओकॉनर यांनीच, ज्यांनी नेथनसनला बाप्तिस्मा दिला. गर्भपात करून पश्चात्ताप पावलेल्या स्त्रियांसाठी आदर्श, यावर त्यांचा भर होता. ‘कॅथलिक वर्कर’च्या जुन्या माणसांना हे रुचलं नाही. युद्धाला कर देणार नाही म्हणणारी, भांडवलशाहीला पाप मानणारी बाई बाजूला ठेवून पश्चात्तापदग्ध पापिणी तेवढी पुढे केली जातेय, असं त्यांना वाटलं. दोघांचंही थोडं खरं आहे. संतांच्या मूर्ती घडवतानाही पक्षांना लागतो तेवढाच भाग कोरला जातो. तिची कागदपत्रं डिसेंबर 2021मध्ये रोमला रवाना झाली.

जन्मानं कॅथलिक असलेल्यांशी तुलना केली, तर धर्मांतरितांबद्दलची आपली अपेक्षा किती वाढीव आहे ते कळतं. ‘रो’ निकालाच्या बहुमतात न्यायमूर्ती ब्रेनन होते, आयरिश कॅथलिक. विरोधात गेलेले व्हाइट आणि रेनक्विस्ट हे दोघेही प्रॉटेस्टंट. 1987मध्ये सिनेटनं 58 विरुद्ध 42 मतांनी रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयावरची निवड फेटाळली. ते ‘रो’ उलटवतील ही भीती त्यामागे होती. त्या जागेवर आलेले जन्मजात कॅथलिक अँथनी केनेडी यांनी 1992मध्ये ‘रो’चा गाभा वाचवला. बोर्क तेव्हा कॅथलिक नव्हते. ते 2003मध्ये झाले, न्यायालयाची दारं बंद झाल्यावर सोळा वर्षांनी. 1992च्या त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर केसी, कॅथलिक, गर्भपातविरोधी आणि तरीही डेमोक्रॅट, पक्षाच्या अधिवेशनात बोलायला उभेही राहू शकले नाहीत. अमेरिकेतल्या सामान्य कॅथलिकांपैकी दहातल्या सहांना गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा असं वाटतं. चर्चमध्ये येणाऱ्या दर एका माणसामागे आठांहून अधिक जण बाहेर पडतात, असं प्यू संस्थेच्या अलीकडच्या पाहणीत निघालं. येणारे थोडे, म्हणून त्यातले नामवंत जास्त उठून दिसतात.

शिकवण कायद्याच्या पुस्तकात जशीच्या तशी उतरली की काय होतं, हे मराठी मुलखानं जवळून पाहिलं आहे. 2012मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत मूळच्या बेळगावच्या एका दंतवैद्य तरुणीचा गर्भ टिकणार नाही हे कळूनही, त्याच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गानं ती गेली. आईचा जीव वाचवायला आवश्यक ते उपचार चर्चलाही मान्य असतात, असं धर्मपंडित सांगतात. पण वॉर्डातल्या डॉक्टरसमोर धर्मशास्त्र नसतं, कायद्याचं कलम असतं. आयर्लंडनं मे 2018मध्ये 66 टक्के मतांनी ती बंदी घटनेतून काढली. त्या बंदीमागे धर्मांतरित नव्हे, प्रामुख्यानं जन्माचे कॅथलिक होते. आणि ती काढणारेही बहुतांश तेच.

जून 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘डॉब्ज’ निकालात ‘रो’ रद्द केला आणि धर्मांतरित राजकारण्यांची खरी अडचण सुरू झाली. तोवर निषेध फुकट होता, कारण न्यायालय आडवं होतं. व्हान्स यांचा प्रवास त्या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. 2022मध्ये सिनेटसाठी उभे राहिले तेव्हा त्यांची भाषा कडक होती. नोव्हेंबर 2023मध्ये त्यांच्या ओहायोत जवळपास 57 टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला. हा पोटात बसलेला ठोसा आहे असं त्यांनी लिहिलं, आणि मतदारांचा विश्वास आपण गमावला आहे असा धडा घेतला. मग ती गोळी. मग, देशव्यापी बंदीचं विधेयक आलंच तर ट्रम्प नकाराधिकार वापरतील, ही ग्वाही. 73व्या परिच्छेदाची सवलत इथे लागू होते का? हानी कमी करणाऱ्या विधेयकाला मत देणं वेगळं, आणि गोळीला पाठिंबा जाहीर करणं वेगळं. ‘लाइव्ह ॲक्शन’ या गर्भपातविरोधी संघटनेची संस्थापक लायला रोझ, जी चळवळ सुरू केल्यानंतर काही वर्षांनी कॅथलिक झाली, तिनं ऑगस्ट 2024मध्ये उघड सांगितलं की भूमिका अशीच राहिली तर मी ट्रम्पना मत देणार नाही.

सत्तेत आल्यावर, जानेवारी 2025च्या ‘मार्च फॉर लाइफ’ या गर्भपातविरोधी मोर्चात व्हान्स यांनी अमेरिकेत आणखी बाळं जन्मायला हवीत असं भाषण केलं. त्यानंतर महिन्याभरात त्यांच्याच सरकारनं टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार स्वस्त करण्यासाठी शिफारशी मागवणारा आदेश काढला. त्या उपचारांत उरलेल्या भ्रूणांचं काय होतं, हा ‘दोनुम व्हिते’चा एक मोठा आक्षेप. त्याच दिवसांत व्हान्स यांनी स्थलांतरितांना हाकलण्याच्या समर्थनार्थ प्रेमाची उतरंड सांगितली: आधी कुटुंब, मग शेजारी, मग देश, मग जग. आधार घेतला तो मध्ययुगीन धर्मशास्त्राचा. 10 फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहिलं आणि व्हान्स यांचं नाव न घेता या उतरंडीला, परक्या जखमीच्या मदतीला धावलेल्या भल्या शोमरोनीच्या दाखल्यानं उत्तर दिलं. सप्टेंबर 2025मध्ये नवे पोप लिओ चौदावे, स्वतः शिकागोचे, पत्रकारांशी बोलताना म्हणाले की, गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा असेल तर तो माणूस खऱ्या अर्थानं प्रो-लाइफ नव्हे. स्थलांतरितांना अमानुष वागणूक देणाऱ्यालाही त्यांनी तेच लावलं. निमित्त होतं सिनेटर डिक डर्बिन यांना शिकागोच्या आर्चडायोसिसनं जाहीर केलेला सन्मान. डर्बिन जन्माचे कॅथलिक, स्थलांतरितांसाठी आयुष्यभर भांडलेले आणि अनेक वर्षं गर्भपाताच्या हक्कासाठी मत दिलेले. काही बिशप चिडले, वाद पेटला. शेवटी डर्बिन यांनीच सन्मान नाकारला.